डीजेच्या दणक्यातून एकतारीकडे

इंग्लंडचे गायक सॅम स्मिथ यांचा आवाज 2012 मध्ये जगभर गेला तो डिस्क्लोजर या जोडीच्या 'लॅच' या क्लबात नाचायच्या गाण्यातून. दोनच वर्षांनी त्यांचा 'इन द लोनली अवर' हा अल्बम आला. त्यात ठोका मागे सरला, गळा पुढे आला, आणि 2015 मध्ये चार ग्रॅमी मिळाले. हे वळण परभणीकरांना परकं वाटायचं कारण नाही. स्मिथ गातात ते सोल संगीत निघालं तेच मुळी अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या चर्चमधल्या गाण्यातून. रे चार्ल्स, अरेथा फ्रँकलिन यांनी ते बाजारात नेलं, पण त्यातली आळवणी सोडली नाही. आपलं भीमगीतही भजन, कव्वाली आणि जलशाच्या चाली पचवून उभं राहिलं. देवाची आळवणी त्यानं सोडली, आर्तता ठेवली.

भीमगीतं लिहिणारे वामनदादा कर्डक आणि ती गाणारे प्रल्हाद शिंदे दोघेही 2004 मध्ये गेले. एकाचे शब्द आणि दुसऱ्याचा गळा कॅसेटवर घरोघरी वाजत होता. पुढे आंबेडकर जयंतीच्या मिरवणुकीत डीजे आला आणि ऐकण्याची रीतच पालटली. परभणीत, पूर्ण्यात, जिंतुरात 14 एप्रिलला जे वाजतं ते जरा कान देऊन ऐका. मुखडा पुरा होण्याआधीच 'कट' येतो, मध्ये कुणीतरी डीजेचं नाव ओरडतो, मग बेस छातीवर आदळतो. जोडाक्षरं विरतात, अंतरा तर बहुधा गाळलेलाच असतो. आणि वामनदादांचा सगळा युक्तिवाद अंतऱ्यात असतो! नाचणाऱ्या पोरांना मी दोष देणार नाही. वर्षभर मान खाली घालून राबणाऱ्याला एक दिवस रस्ता आपला वाटावा, यात गैर काय? माझी तक्रार आहे ती ट्रॅक करणाऱ्यांबद्दल.

ठोक्याकडून गळ्याकडे जाणारा हा प्रवास सरळ रेषेतला नाही, हे गायक आदर्श शिंदेंकडे पाहिलं की कळतं. 'दुनियादारी' चित्रपटातलं (2013) 'देवा तुझ्या गाभाऱ्याला' आधीचं, आणि वडील आनंद शिंदेंबरोबर गायलेलं 'पोश्टर गर्ल'मधलं 'आवाज वाढव डीजे' नंतरचं, 2016 चं. गळा तोच, आजोबा प्रल्हाद शिंदेंकडून आलेला. पहिल्या गाण्यात तो फाटेपर्यंत ताणला जातो आणि ऐकणारा हलतो. दुसऱ्यात तो ठोक्याला इंधन पुरवतो. दोन्ही त्यांना येतं. दुर्मीळ मात्र पहिलंच.

म्हणून कडुबाई खरात यांचं महत्त्व मला फार वाटतं. हातात एकतारी, एवढंच. मोबाइलवर चित्रित झालेलं त्यांचं भीमगीत गावोगाव पोचलं. तारेचा एकच सूर चालू असतो, त्यावर शब्द स्वच्छ उमटतो, ओळ संपल्यावर त्या श्वास घेतात आणि तेवढ्या जागेत ऐकणाऱ्याला अर्थ लागतो. मग त्यांच्या गाण्यांचेही डीजे ट्रॅक निघाले आणि नेमकी ती श्वासाची जागाच बेसनं भरली गेली.

परभणीला गळा मोकळा ठेवण्याचा हा धडा बाहेरून शिकायची गरज नाही. जनाबाईंचं गंगाखेड याच जिल्ह्यातलं. ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे यांनी सीतेच्या वनवासाच्या ओव्या गायल्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटेव्हिन यांच्या प्रकल्पानं गावोगावच्या बायकांच्या 1 लाखाहून जास्त जात्यावरच्या ओव्या जमवल्या, त्यांत गंगूबाईंचा आवाज जपला गेला. वाद्य नाही, घाई नाही. आवाज कापरा होतो तिथं तो तसाच राहू दिलाय. आजच्या स्टुडिओत ऑटोट्यून लावून हा कंप पहिल्यांदा पुसला जातो, आणि गाणं तिथंच गार पडतं.

जयंतीसाठी ट्रॅक बनवणाऱ्या पोरांच्या हाती आज महागडी यंत्रं आहेत, कानही तयार आहेत. त्यांनी एका गाण्यात एक पुरा अंतरा ठोक्याविना सोडावा, नुसता गळा आणि एकतारी. चौकातला जमाव तेवढा वेळ थांबतो की पांगतो, हे येत्या एप्रिलमध्ये रस्त्यावरच कळेल.