ओसरी आणि वेस : गावच्या माणसांच्या स्मरणाविषयी

आटपाडी हा माणदेशातला तालुक्याचा गाव. सातारा, सांगली आणि सोलापूर या जिल्ह्यांच्या सीमांवर पसरलेला हा मुलूख पावसाच्या बाबतीत कायमचाच कमनशिबी. १९४८ सालच्या विलीनीकरणापर्यंत आटपाडीचा भाग औंध संस्थानात मोडत असे. याच आटपाडीत १९२१ साली शंकरराव खरात जन्मले आणि तेथून थोड्याच मैलांवरच्या माडगूळ या खेड्यात १९२७ साली व्यंकटेश माडगूळकर. दोघे एकाच संस्थानची प्रजा; दोघांनी पाहिलेला दुष्काळ एक, नदी एक. १९८३ साली अंबाजोगाईच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद माडगूळकरांकडे आले, १९८४ साली जळगावचे खरातांकडे. आणि २००१ साली काही महिन्यांच्या अंतराने दोघेही निवर्तले. असे असूनही 'माणदेशी माणसं' (१९४९) आणि 'तराळ-अंतराळ' (१९८१) ही दोन पुस्तके शेजारी ठेवून वाचावीत हे मला फार उशिरा सुचले. एक व्यक्तिचित्रांचा संग्रह आणि दुसरे आत्मकथन, म्हणून ती वेगवेगळ्या कपाटांत पडून राहिली, असे त्याचे एक समर्थन करता येईल. ते पुरेसे नाही, हे पुढील विवेचनावरून दिसून येईल.

गावातील जुन्या, पिढ्यान्‌पिढ्या तेथेच नांदलेल्या माणसांचे स्मरण करण्याच्या मराठी गद्यात काही रीती रूढ झाल्या आहेत. त्रिंबक नारायण आत्रे यांचा 'गावगाडा' (१९१५) हा त्यांतला सर्वांत कोरडा आणि म्हणूनच कदाचित सर्वांत प्रामाणिक. महसूल खात्यातील अनुभवाच्या बळावर आत्र्यांनी गाव पाहिला तो हक्क, बलुते आणि कामे यांच्या हिशेबाने. त्यांच्या पुस्तकात सुतार आहे, लोहार आहे, महार आहे, जोशी आहे. पण अमुक नावाचा सुतार नाही. माणूस तेथे हुद्द्याच्या आत राहतो. याच्या अगदी उलट टोकाला 'व्यक्ति आणि वल्ली' (१९६२). पु. ल. देशपांड्यांच्या या पुस्तकाने माणसाला हुद्द्यातून सोडवले आणि त्याच्या स्वभावात, लकबीत, बोलण्याच्या ढंगात त्याचे सारे अस्तित्व शोधले. रत्नागिरीचा अंतू बर्वा स्मरणात राहतो, कारण तो पाहणाऱ्यालाच पाहत असतो; आपल्याकडे कौतुकाने बघणाऱ्या शहरी माणसाला तो बोलता बोलता चिमटा घेतो. अनुकरण करणाऱ्यांनी मात्र चिमटा तेवढा टाकला आणि कौतुक ठेवले. दिवाळी अंकांतून त्यानंतर आलेले शेकडो 'आमच्या गावचे नमुने' हा त्याचा परिणाम. त्यांच्याविषयी येथे अधिक लिहिण्याचे कारण नाही.

माडगूळकरांचे पुस्तक या दोन्ही रीतींच्या आधी उभे आहे असे म्हणता येत नाही, कारण 'गावगाडा' त्यापूर्वीचा. परंतु ते दोहोंपासून अलिप्त आहे. त्यांची माणसे हुद्द्यात मावत नाहीत आणि वल्लीही होत नाहीत. चित्रकाराचा हात असलेल्या या लेखकाने रेषा कमीत कमी वापरल्या. एखाद्या माणसाचे चालणे, त्याचे बसणे, मुंडाशाचा रंग, बोलण्यातला एखादा शब्द. एवढ्यावर तो माणूस उभा राहतो आणि लेखक बाजूला होतो. 'धर्मा रामोशी' या चित्राची कीर्ती सर्वश्रुत आहे. म्हाताऱ्या धर्माला निवेदकाने दिलेले धोतर शेवटी धर्माच्या अंगावर दिसत नाही. त्याने त्याच्या मुलीची लाज झाकली जाते. हे कळते तेथेच चित्र संपते.

अनेक वर्षे मी हा शेवट केवळ त्यातील कारुण्यासाठी वाचत आलो. दारिद्र्याचे इतके संयमित दर्शन त्या काळच्या मराठी कथेत नवे होते, आणि नवकथेच्या चर्चेत त्याचा गौरव झाला तो योग्यच होता. आज मला या शेवटाचे बळ दुसरीकडे दिसते. निवेदक धर्माला ओळखतो, त्याच्याशी बोलतो, त्याच्याविषयी त्याला माया आहे. आणि तरीही त्या घरात नेमकी कशाची वाण आहे हे त्याला ठाऊक नसते. देणाऱ्याला आपल्या देण्याचा खरा उपयोग योगायोगाने समजतो. म्हणजे या चित्राचा विषय धर्माचे दारिद्र्य जितका, तितकेच निवेदकाचे न पाहणे हाही आहे. माडगूळकर हे कोठेही बोलून दाखवीत नाहीत. पण ओसरीवर बसून दिसणारे गाव आणि खोपटाच्या आतले गाव यांत जे अंतर आहे, ते त्या धोतराने मोजले जाते.

या अंतराची जाणीव पुस्तकात सर्वत्र सारखी आहे असे मात्र म्हणवत नाही. त्याची अनुक्रमणिकाच पाहावी : धर्मा रामोशी, शिदा चांभार, शिवा माळी, मुलाण्याचा बकस, बाबाखान दरवेशी, गणा महार. नावाला जात किंवा धंदा जोडल्यावाचून माणूस ओळखू येत नाही. 'तांबोळ्याची खाला' या शीर्षकात तर स्त्रीचे स्वतःचे नावही नाही. ती कोणाची तरी आहे, एवढेच. याच यादीत 'बिटाकाका' आणि 'माझा बाप' ही शीर्षके येतात. तेथे नाते आहे, जात नाही. ज्याला आपण नात्याने हाक मारतो त्याची जात सांगावी लागत नाही, ज्याला नात्याने हाक मारीत नाही त्याची सांगावी लागते. गावात तशीच पद्धत होती, लेखकाने ती जशीच्या तशी उतरवली, असा यावर बचाव होऊ शकतो आणि तो खराही आहे. शीर्षके बदलली असती तर ती खोटी झाली असती. माझे म्हणणे एवढेच की ती गावाची भाषा आहे, आणि गावाची भाषा म्हणजे गावात ज्यांना हाक मारण्याचा अधिकार होता त्यांची भाषा.

'बनगरवाडी'त (१९५५) माडगूळकरांनी ही अडचण एका साध्या युक्तीने सोडवली. तेथे सांगणारा परका आहे. औंध संस्थानातल्या धनगरांच्या वाडीवर नेमणूक झालेला तरुण मास्तर वाडीला ओळखत नाही, वाडी त्याला ओळखत नाही. कारभारी, आयबू, आनंदा रामोशी ही माणसे त्याला एकेक करून उमगत जातात. कधी चुकीचीही उमगतात. त्याचे अज्ञान हा कादंबरीच्या रचनेचाच भाग असल्याने वाचक त्याच्या नजरेची मर्यादा मनात धरूनच वाचतो. म्हणून दुष्काळात वाडी उठते तेव्हा जो रितेपणा जाणवतो तो संग्रहातल्या कोणत्याही एका चित्रापेक्षा मोठा आहे. लेखक म्हणून माडगूळकर येथे वाढले, असे मी मानतो.

आता खरातांकडे वळू. त्यांच्या पुस्तकाचे शीर्षक हेच एका हुद्द्याचे नाव आहे. तराळकी म्हणजे महारांनी पाळीपाळीने करावयाचे गावकाम : सांगावे पोहोचवणे, चावडीवर माणसे बोलावणे, सरकारी अंमलदाराच्या दिमतीला राहणे, बेवारशी प्रेताची राखण करणे. खरातांच्या आधीच्या कथासंग्रहांची 'सांगावा' आणि 'दौंडी' ही नावेही याच कामांतून आलेली आहेत. आत्र्यांनी हुद्दा सांगितला आणि माणूस गाळला. खरातांनी त्याच हुद्द्याच्या आत आपला बाप दाखवला. हे वाचताना 'गावगाड्या'तली ती कोरडी कलमे पुन्हा उघडावीशी वाटतात, कारण तेथे एका ओळीत आलेल्या कामाला येथे अंग, घाम आणि भीती लाभते.

विहिरीतल्या प्रेताचा प्रसंग या पुस्तकातला सर्वांत गाजलेला. अर्जुन डांगळे यांनी संपादिलेल्या दलित साहित्याच्या इंग्रजी संकलनात (१९९२) तो आला आणि त्यामुळे मराठी न जाणणाऱ्या भारतीय वाचकांनाही तो परिचित आहे. विहिरीत प्रेत सापडले आहे, तराळकी बापाकडे, पोलीस त्यालाच खाली उतरायला लावतात, विहिरीत साप आहे, आणि काठावर उभा राहून मुलगा हे पाहतो आहे. प्रसंग भयानक आहे, पण त्याची मांडणी मुळीच नाट्यमय नाही. कोण कोठे उभा आहे एवढेच खरात काळजीपूर्वक सांगतात. अंमलदार वर, गाव बाजूला, बाप खाली. ज्या प्रेताशी त्या बापाचे काही नाते नाही, त्याची जबाबदारी त्याच्यावर येते, कारण त्या दिवशी गावाचे काम त्याच्याकडे आहे. 'गावचा माणूस' या शब्दाला आपण जो ऊबदार अर्थ देतो तो येथे पार उलटा होतो. गावचा माणूस म्हणजे ज्याच्यावर गावाचा हक्क आहे तो. हा हक्क कायद्याने संपायला १९५८ सालचा कनिष्ठ गाव वतने निर्मूलनाचा कायदा यावा लागला. त्यासाठी डॉ. आंबेडकरांनी १९२८ पासून मुंबईच्या विधिमंडळात झगडण्यास आरंभ केला होता.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. माडगूळकर ओसरीवरचे आणि खरात वेशीबाहेरचे, म्हणून पहिले असत्य व दुसरे सत्य, अशी वाटणी करण्याचा मोह टाळावयास हवा. अलीकडच्या काही लेखनात ही वाटणी फार सोपेपणाने होते. वाङ्मय म्हणून पाहता 'तराळ-अंतराळ' हे विषम पुस्तक आहे. शिक्षण, वकिली, आंबेडकरी चळवळ, कुलगुरूपद असा प्रवास सांगताना उत्तरार्धात सभा, पदे आणि तारखा यांची दाटी होते आणि पूर्वार्धातली माणसे दिसेनाशी होतात. शीर्षकातला 'अंतराळ' हा शब्द सार्थ आहे, पण त्या उंचीवरून आटपाडी दिसत नाही. ज्याने गाव सोडले त्यालाच गाव लिहिता येते, आणि सोडल्याचा वृत्तान्त सांगू लागताच गाव हातचे जाते. ही पंचाईत माडगूळकरांनाही होती, पण त्यांनी स्वतःला चित्राच्या कडेला ठेवून ती चुकवली. आत्मकथनकाराला तसे करता येत नाही.

ही केवळ मराठीची पंचाईत नव्हे, हे एका कन्नडभाषक समाजशास्त्रज्ञाच्या पुस्तकावरून ध्यानात येईल. म्हैसूर भागातील एका खेड्यात एम. एन. श्रीनिवास यांनी १९४८ साली वास्तव्य केले. पुस्तकात त्या खेड्याचे नाव रामपुरा असे आहे. म्हणजे माडगूळकरांची चित्रे पुस्तकरूपाने आली त्याच्या आदल्याच वर्षीचे हे गाव. १९७० च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतील स्टॅनफर्ड येथे जाळपोळीत श्रीनिवासांच्या संस्कारित टिपणांच्या तिन्ही प्रती जळाल्या. मूळ टिपणे दिल्लीस होती. परंतु एका सहव्यवसायी विद्वानाच्या सूचनेवरून त्यांनी स्मरणाच्या आधारे लिहावयाचे ठरविले आणि 'द रिमेंबर्ड व्हिलेज' हे पुस्तक १९७६ साली प्रसिद्ध झाले. शास्त्रज्ञाच्या हातून टिपणे जाताच त्याच्या लेखनात माणसे आली : गावचा मुखिया, कुळ्ळे गौडा, नाडू गौडा. त्यांच्यावरचे प्रकरण कोणत्याही व्यक्तिचित्राशेजारी ठेवता येईल असे आहे.

त्या पुस्तकाचा मोठेपणा मला आणखी एका ठिकाणी दिसतो. आपण मुखियाच्या आश्रयाने राहिलो, गावाने आपल्याला ब्राह्मण म्हणूनच वागवले, हरिजनांच्या वस्तीत आपला वावर त्यामुळे तोकडा पडला आणि स्त्रियांचे जग आपल्याला जवळजवळ बंद होते, हे श्रीनिवासांनी मोकळेपणाने नोंदले आहे. ललित लेखकाने अशी कबुली प्रस्तावनेत द्यावी असे मी म्हणणार नाही. प्रस्तावनेतली कबुली फार स्वस्त असते. ती चित्रातच उतरावी लागते, जशी धर्माच्या धोतरात उतरली आहे. गावच्या माणसाचे स्मरण वाचताना मी आता हीच कसोटी लावतो. तपशील बिनचूक आहे का, बोली अस्सल आहे का, हे प्रश्न नंतरचे. पाहणारा कोठे बसला होता आणि तेथून त्याला काय दिसणे शक्य नव्हते, हे लेखनाच्या अंगातून जाणवते का, हा पहिला.

या कसोटीला खरातांचे विहिरीचे पान उतरते, कारण काठावरच्या मुलाला वरून आलेला हुकूमही दिसतो आणि खालचा बापही. माडगूळकरांची काही चित्रे उतरतात, काही उतरत नाहीत. 'बनगरवाडी' पूर्णपणे उतरते. आणि अजून एक पुस्तक आहे, ज्याच्यापुढे ही कसोटीच अपुरी ठरते. बेबी कांबळे यांचे 'जिणं आमुचं' (१९८६) हे वीरगाव आणि फलटण या परिसरातील महारवाड्याचे स्मरण आहे. त्यात व्यक्तिचित्रे जवळजवळ नाहीतच. आषाढातले दिवस, पोतराज, अंगात येणाऱ्या बाया, भुकेले घर, सासूच्या हाताखालची कोवळी सून, सारे अनेकवचनात. ओसरी, चावडी, वेस यांपैकी कोठेही ही बाई बसलेली नाही. ती चुलीपुढे आहे आणि तेथून जे दिसते ते एकट्या कोणाचे नसल्याने वेगळे काढून चौकटीत बसवता येत नाही. शीर्षकातही 'आमुचं' आहे, 'माझं' नाही. स्वतःच्या संसारात तिने जे सोसले ते तर या पुस्तकात फारसे येतच नाही. त्याविषयी ती बोलली ती पुढे, पुस्तकाच्या इंग्रजी अनुवादिका माया पंडित यांच्याशी झालेल्या मुलाखतीत.