कळावे, लोभ असावा

अबोलपणा नवऱ्याच्या अंगी असला तर त्याला गुण म्हणतात, नोकराच्या अंगी असला तर निष्ठा म्हणतात. संगणकाच्या अंगी असला तर काय म्हणावं, ते मला गेल्या पावसाळ्यात कळलं.

माझ्या जुन्या संगणकावर भाच्याने लिनक्स बसवलं. एक काळी खिडकी उघडून तो म्हणाला, "मामा, हा शेल. तू हुकूम टाइप करायचास, तो पाळणार." या घरात आजवर माझा हुकूम कोणी पाळल्याचं स्मरत नसल्यामुळे मी हरखून गेलो.

त्या संगणकात माझ्या वडिलांची ४३ पत्रं होती. दोन महिने खपून मी ती टंकली होती, आणि मूळ कागद निर्धास्तपणे माळ्यावर टाकले होते. आता प्रत्येक पत्राची 'बाक' शेपटीची जुनी प्रत तेवढी पुसायची होती. हुकूम सोपा : आरएम, मग चांदणी, टिंब, बाक. चांदणी म्हणजे 'नाव कोणतंही असो'. माझ्या बोटाने चांदणी आणि टिंब यांच्यामध्ये एक जागा जादा सोडली. अर्थ झाला : 'सगळं पूस, शिवाय टिंब-बाक नावाचं काही असेल तर तेही पूस.' पत्रं गेली, त्याबद्दल चकार शब्द नाही. टिंब-बाक नावाचं काही सापडत नाही, ही तक्रार मात्र त्याने आवर्जून केली!

"चूक तुझी," भाचा म्हणाला. मान्य. पण चांदणीचा अर्थ लावून नावांची यादी करतो तो शेलच. आरएमच्या हाती नुसती यादी पडते. म्हणजे किती जीव जाणार, हे शेलला आधीच ठाऊक होतं. तरी तो गप्प!

या मौनाला इतिहास आहे. युनिक्स १९६९ साली बेल लॅब्जमध्ये जन्माला आलं. तेव्हाचं टेलिटाइप यंत्र सेकंदाला १० अक्षरं कागदावर छापायचं. नाव लांब ठेवलं की वेळ जाणार, उत्तर दिलं की कागद. म्हणून नावं दोन अक्षरी आणि काम फत्ते झालं की मौन. थोडक्यात, तारेची भाषा. आपली तार २०१३ साली बंद झाली. शेलची चालूच आहे. डोनाल्ड नॉर्मन या मानसशास्त्रज्ञाने १९८१ साली 'डेटामेशन' मासिकात याबद्दल जाहीर कानउघाडणी केली होती. पण १९८९ साली आलेला बॅशसुद्धा त्याच घराण्याचा निघाला.

पुढचे काही जण बोलके आहेत. २००५ सालचा 'फिश' हुकूमाचं नाव चुकलं तर टाइप करतानाच ते लाल करतो, आणि आपल्या जुन्या सवयी फिक्या अक्षरांत सुचवतो, ओळखीच्या वाण्याने "नेहमीचंच ना?" विचारावं तसा. पण माझं आरएम शुद्ध होतं, ते लाल झालं नसतं. २००६ सालच्या पॉवरशेलची नावं लग्नपत्रिकेतल्यासारखी लांबलचक. पण 'व्हॉट-इफ' जोडलं की तो काही न करता काय झालं असतं ते सांगतो. गुण मोठा, पण जोडण्याचं सुचायला आधी शंका यावी लागते, आणि नवशिक्याला ती कुठली यायला? मला आवडला तो १९९० सालचा झेडशेल. एरवी तोही मितभाषी. पण आरएमपुढे नुसती चांदणी दिसली की थांबतो आणि विचारतो, 'सगळं पुसायचं, नक्की ना?'

"मामा, जाणत्यांना असले प्रश्न जाचतात," भाचा म्हणाला. खरं आहे. प्रत्येक वेळी विचारलं तर माणूस न वाचताच 'हो' म्हणतो. म्हणून रोज बोलू नये. परतीचा रस्ता नसेल तिथेच बोलावं, तेही आकडा सांगून. आणि जाणता तरी वेगळा कोण असतो? याच भाच्याने मागे एकदा रात्री दोन वाजता, याच चांदणीने, स्वतःचं आठवड्याचं काम पुसलं होतं. नवशिका आणि जाणता ही दोन माणसं नव्हेत. एकाच माणसाच्या या दोन वेळा आहेत.

माळ्यावरचे कागद मी पुन्हा काढले. मधल्या काळात वाळवीने हात मारला होता. ३१ पत्रं मिळाली. १२ कायमची गेली.

ती ३१ आता पुन्हा टंकतो आहे. प्रत्येक पत्राच्या शेवटी वडिलांनी 'कळावे, लोभ असावा' असं लिहिलं आहे. शेलकडून लोभाची माझी अपेक्षा नाही. नुसतं 'कळावे' शिकला तरी पुरे.