ओल लागली, पाणी नव्हे

कळंबला उन्हाळ्यात कुणी बोअर घेत असलं की भोवती माणसं जमतात. धुरळ्याच्या जागी ओला गाळ येऊ लागला की कुणीतरी नारळ आणायला पळतं. जुनं माणूस मात्र म्हणतं, "थांबा. ओल लागलीय, पाणी नाही." मायोराना अवस्थांच्या शोधाविषयी वाचताना मला हेच वाक्य आठवतं.

स्वतःच स्वतःचा प्रतिकण असलेल्या कणाची कल्पना एत्तोरे मायोराना यांनी १९३७ साली मांडली. विशिष्ट अतिवाहक तारेच्या दोन टोकांना तशा अवस्था असू शकतात, हे अलेक्सेई किताएव यांनी २००१ मध्ये गणिताने दाखवलं. माहिती दोन टोकांत विभागलेली राहिली, तर एका टोकाच्या धक्क्याने ती पुसली जाणार नाही. क्वांटम संगणकाला त्यांची ओढ आहे ती यासाठी.

२०१८ मध्ये 'नेचर'मध्ये डेल्फ्टच्या गटाचा निबंध आला. मायोराना हे नाव थेट शीर्षकातच होतं. पुरावा होता तो शून्य व्होल्टेजला ठरावीक मूल्यावर स्थिरावणाऱ्या वाहकतेचा. पण तारेतल्या दोषांमुळे निर्माण होणाऱ्या साध्या अवस्थाही जवळपास तसाच आलेख देतात. सर्गेई फ्रोलोव्ह आणि व्हिन्सेंट मौरिक यांनी मूळ नोंदी तपासल्या, तेव्हा आलेखातला काही भाग न सांगता वगळलेला दिसला. मार्च २०२१ मध्ये निबंध मागे घेतला गेला. तज्ज्ञांना जाणूनबुजून केलेली बनावट आढळली नाही. संशोधक उत्साहात वाहवत गेले, असं त्यांचं मत पडलं. मला हेच अधिक अस्वस्थ करतं. नारळ आणायला पळणाराही खोटारडा नसतो.

याउलट मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतलं काम पाहा. शुद्ध बिस्मथ ०.०००५३ केल्व्हिनखाली अतिवाहक होतो, हे तिथल्या गटाने दाखवलं. ही अवस्था इतकी नाजूक, की पृथ्वीचं चुंबकक्षेत्रही तिला मोडतं. ते अडवूनच मोजणी करावी लागली. तरी त्यांच्या निबंधाचं शीर्षक सुरू होतं ते 'पुरावा' या शब्दाने.

फेब्रुवारी २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने 'मायोराना १' ही चिप जाहीर केली. सोबतच्या 'नेचर'मधल्या निबंधाच्या परीक्षण-नोंदीत मात्र संपादकांनी लिहिलं होतं, की हे निष्कर्ष मायोराना अवस्था असल्याचा पुरावा ठरत नाहीत.

म्हणून मराठी विज्ञानलेखकांकडे माझं एकच मागणं आहे: 'सापडला' हे क्रियापद राखून ठेवा. दोन अवस्थांची अदलाबदल करून त्यांचं वेगळेपण कुणी दाखवेल, तेव्हा ते वापरू. तोवर 'खूण दिसली' एवढं पुरे. आमच्याकडेही मोटर सोडून पाणी टिकतंय हे पाहिल्याशिवाय कुणी ऊस लावत नाही.