विद्यार्थ्यांचे चित्रपट आणि आपले शिकणे

आपल्याकडे चित्रपट शिकायचा म्हटले की प्रथम थोरांची नावे पुढे केली जातात. सत्यजित राय, ऋत्विक घटक, कुरोसावा. त्यांच्या थोरपणाबद्दल वाद नाही. प्रश्न असा, की घरात पहिल्यांदाच पुस्तक उघडणारा आपला मुलगा 'पथेर पांचाली' पाहून नेमके काय शिकतो? तो भारावतो. भारावलेला माणूस हात जोडतो, प्रश्न विचारीत नाही. आणि हात जोडायला लावणारे शिक्षण आपल्या समाजाने पुष्कळ भोगले आहे.

मी घरातला पहिला पदवीधर. आज महाविद्यालयात शिकवतो आणि तास संपल्यावर विद्यार्थ्यांबरोबर बसून इतर विद्यार्थ्यांनी केलेले लघुपट पाहतो. त्यातून माझे मत असे बनले आहे की, चित्रपटाची कारागिरी आपल्या मुलांना सर्वांत आधी कळते ती त्यांच्यासारख्याच शिकाऊ मुलांच्या कामातून. थोरांच्या चित्रपटात शिवण दिसत नाही. विद्यार्थ्याचा चित्रपट उलट्या बाजूने धरलेल्या गोधडीसारखा असतो. कोणता तुकडा कुठे जोडला, दोरा कुठे संपला, हे सारे उघडे असते. शिवाय पैसा थोडा, दिवस थोडे. त्यामुळे प्रत्येक दृश्य हा एक निर्णय असतो आणि तो निर्णय तपासता येतो.

एक उदाहरण पोलंडचे. क्रिस्तॉफ किश्लोव्स्की याला वूच येथील चित्रपट विद्यालयाने दोनदा नाकारले, तिसऱ्यांदा घेतले. तेथे शिकत असताना १९६६ साली त्याने 'उर्झोंद', म्हणजे 'कचेरी', हा पाचसहा मिनिटांचा माहितीपट केला. सरकारी विमा कचेरीची खिडकी, अलीकडे रांगेतली थकलेली माणसे, पलीकडे कारकून. चित्र आणि आवाज वेगवेगळे घेतलेले. शेवटी फायलींनी भरलेली फडताळे दिसतात आणि आवाज येतो : आयुष्यभर काय काय केले ते लिहून आणा. बस्स, एवढेच. जातीच्या दाखल्यासाठी तहसीलच्या खिडकीशी चार चकरा मारलेल्या आपल्या मुलाला हा चित्रपट समजावून द्यावा लागत नाही. साधने तुटपुंजी असली तरी चालते, एक खिडकी पुरते, हे त्याला कळते. त्याहून मोठी गोष्ट कळते ती ही, की खिडकीच्या कोणत्या बाजूला कॅमेरा ठेवायचा यातच चित्रपटाचे राजकारण आहे.

दुसरे उदाहरण घरचे. नागराज मंजुळे अहमदनगरच्या (आताच्या अहिल्यानगरच्या) महाविद्यालयात संज्ञापनाचा अभ्यासक्रम करीत होते. तिथल्या अभ्यासाचा भाग म्हणून 'पिस्तुल्या' हा लघुपट झाला. पुढे त्याला दिग्दर्शकाच्या पहिल्या कथाबाह्य चित्रपटासाठीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. शाळेची ओढ असलेला भटक्या जमातीतला पोर आणि त्याला शाळेपासून दूर ओढणारे दारिद्र्य, हा त्याचा विषय. दारिद्र्य आपल्याकडच्या पडद्याला नवे नाही. इथे नवे आहे ते असे, की गोष्ट त्या पोराच्या भुकेपेक्षा त्याच्या इच्छेवर उभी आहे. त्याला काहीतरी हवे आहे, म्हणून तो माणूस आहे. त्यातलाच सूरज पवार पुढे 'फँड्री'त (२०१३) जब्याचा मित्र झाला. 'फँड्री'च्या अखेरीस प्रेक्षकाच्या अंगावर येणारा दगड आज सर्वांना ठाऊक आहे. पण तो भिरकावणाऱ्या हाताची तयारी आधीच्या या छोट्या कामात झाली होती, हे विद्यार्थ्यांनी पाहिले पाहिजे.

तिसरे उदाहरण माहितीपटाचे. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेतील विद्यार्थ्यांनी २०१४ साली मिळून 'कॅस्ट ऑन द मेन्यू कार्ड' केला. मुंबईतल्या बीफ खाण्याच्या व्यवहारातून जात कशी उघडी पडते, याचा तो शोध आहे. महाराष्ट्रात मार्च २०१५ मध्ये गोवंश हत्याबंदीचा कायदा लागू झाला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये दिल्लीतील एका माहितीपट महोत्सवात हा चित्रपट दाखवण्यास केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्रालयाने परवानगी नाकारली. विद्यार्थ्यांच्या वीसेक मिनिटांच्या कामाची सत्तेने एवढी दखल घ्यावी, यातच ताटातल्या पदार्थाचे वजन कळते. कलादृष्ट्या मला त्यात उणीवही दिसते. मुलाखतींवर त्याची भिस्त अधिक आहे. बोललेले पुष्कळ, पाहिलेले त्या मानाने कमी. परंतु ही उणीवही शिकवते. विचार पक्का असला म्हणजे दृश्य आपोआप मिळत नाही. ते शोधावे लागते.

विद्यार्थ्यांचे सगळेच चित्रपट असे नसतात, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. महोत्सवांतून आपल्या वस्त्यांवरचे जे लघुपट दिसतात त्यांतले पुष्कळसे एकाच साच्यातले असतात. गच्चीवरून खाली उतरणारा कॅमेरा, उघडे गटार, शेंबडे पोर, मागे बासरी. वस्तीतल्या माणसाला नाव नाही, मत नाही, विनोद तर नाहीच. हे करुणेचे घाऊक दुकान आहे. तेही पाहावे, कारण काय करू नये हे त्याइतके नीट दुसरे कोणी शिकवणार नाही.

म्हणून आम्ही पाहताना तीन प्रश्न ठरवून घेतले आहेत. कॅमेरा कोणाच्या उंचीवर आहे? ज्याच्यावर चित्रपट आहे त्याला काय हवे आहे? आणि तो माणूस प्रेक्षकांत येऊन बसला तर मान वर करून हा चित्रपट पाहू शकेल काय? तिसऱ्या प्रश्नापाशी चांगले चांगले चित्रपट अडखळतात.

एक धोका आपल्या बाजूचाही आहे. आपल्या मुलाने केले म्हणून टाळ्या वाजवायच्या, तंत्रातल्या ढिलाईवर बोलायचे नाही, ही माया नव्हे. ही उपेक्षाच आहे. दलित साहित्याच्या पहिल्या पिढीने सहानुभूतीची समीक्षा नाकारली आणि स्वतःचे निकष मागितले. आज ज्याच्या हातात मोबाइल आहे त्याच्या हातात कॅमेरा आहे. निकष मात्र अजून उसनेच आहेत. ते वसतिगृहाच्या खोलीत, भिंतीवर चादर लावून, एकमेकांचे चित्रपट पाहत आणि सडेतोड भांडतच घडतील. प्रत्येक वसतिगृहात महिन्यातून एक संध्याकाळ यासाठी राखून ठेवणे कार्यकर्त्यांना आणि शिक्षकांना अवघड नाही. त्या संध्याकाळी भाषण नको. आधी चित्रपट दाखवावा, मग ज्याने तो केला त्याला गप्प बसवून इतरांना बोलू द्यावे.