शांती इच्छिणारे दोन विल्फ्रेड

विल्फ्रेड हे नाव आपल्या ख्रिस्ती कुटुंबांना अपरिचित नाही. त्याचा अर्थ मात्र क्वचितच विचारला जातो. जुन्या अँग्लो-सॅक्सन भाषेतील इच्छा आणि शांती या अर्थांच्या दोन शब्दांपासून ते घडले आहे. इंग्लंडने या नावाचे दोन पुरुष विशेषत्वाने स्मरणात ठेवले : एक सातव्या शतकातील संत, दुसरा सर वॉल्टर स्कॉट यांच्या १८१९च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या 'आयव्हॅन्हो' कादंबरीचा नायक. या दोघांना शेजारी ठेवून वाचले असता कादंबरीचे सामर्थ्य आणि तिची उणीव दोन्ही उमगतात.

संत विल्फ्रेड यांचे चरित्र मुळीच शांत नव्हते. लिंडिसफार्नच्या आयरिश परंपरेतील मठात शिकलेल्या या तरुणाने ६६४ साली व्हिट्बीच्या धर्मसभेत ईस्टरच्या तारखेबाबत रोमची बाजू मांडली. राजा ओस्वी याने ती मान्य केली आणि महागुरू कोलमन आपल्या अनुयायांसह निघून गेले. पुढे ६७८ साली विल्फ्रेड यांनाही धर्मपीठावरून दूर व्हावे लागले. रोमकडे दाद, कारावास, वनवास असे सारे त्यांच्या वाट्याला आले. वनवासातच त्यांनी दक्षिण सॅक्सन लोकांना ख्रिस्ताची ओळख करून दिली आणि समुद्रात जाळ्याने मासेमारी शिकवली. राजाने दिलेल्या जमिनीवरील २५० दास-दासींना बाप्तिस्मा देऊन त्यांनी दास्यातून मुक्त केले, असे संत बीड नमूद करतात.

स्कॉटचा विल्फ्रेड ११९४ सालच्या इंग्लंडमध्ये वावरतो. सॅक्सन अभिमानाने पेटलेला पिता सेड्रिक त्याचा वारसाहक्क काढून घेतो; कारण मुलगा नॉर्मन राजा रिचर्डचा निष्ठावंत आहे आणि राजवंशाच्या पुनरुज्जीवनासाठी राखून ठेवलेल्या रोवेनावर त्याचे प्रेम आहे. येथे एक मौज आहे. सेड्रिक हे नाव स्कॉटने बहुधा वेसेक्सच्या सेर्डिक राजाच्या नावावरून घडवले. आणि ते मूळ नावही सॅक्सन नसून ब्रिटन लोकांचे, असे विद्वान मानतात. वंशशुद्धीचा आग्रह धरणाऱ्याच्या नावातच संकर आहे! सॅक्सन-नॉर्मन वैरही स्कॉटने फुगवले आहे, हा इतिहासकारांचा आक्षेप रास्त आहे. तरीही पित्याचा अभिमान आणि पुत्राची निष्ठा यांतील ताण अस्सल वाटतो. तेच या कादंबरीचे बळ.

तिची उणीव रिबेकाच्या संदर्भात दिसते. जखमी नायकाची शुश्रूषा करणाऱ्या या यहुदी कन्येवर चेटुकाचा आळ येतो. पुरता बरा न झालेला विल्फ्रेड तिच्यासाठी रणांगणात उतरतो. परंतु प्रतिस्पर्धी त्याच्या भाल्याने नव्हे, तर स्वतःच्याच मनोविकारांच्या कल्लोळाने मरतो. नायकाचा पराक्रम त्यामुळे अर्धाच राहतो. शेवटी त्याच्या विवाहाला सॅक्सन आणि नॉर्मन एकत्र येतात, दोन समाजांचे मनोमीलन होते. रिबेका मात्र पित्यासह ग्रॅनाडाची वाट धरते.

त्या काळी असा विवाह अशक्य होता आणि सद्गुणाला ऐहिक बक्षीस देणे योग्य नव्हे, असे उत्तर स्कॉटने १८३०च्या प्रस्तावनेत दिले. ते अर्धेच पटते. प्रश्न विवाहाचा नाही. रिबेकाला त्या देशात निर्भयपणे राहता येईल का, हा आहे. विल्फ्रेडने तिचा प्राण राखला, तिच्यासाठी घर राखले नाही. स्कॉटच्या लेखणीला हे जाणवले असावे. म्हणूनच रोवेनाला दागिन्यांची पेटी देऊन निघून जाणारी रिबेकाच वाचकाच्या मनात अधिक काळ राहते.

संत विल्फ्रेड हट्टी होते, वादप्रिय होते. त्यांच्या विजयानेही कोलमन यांना देश सोडावा लागला, हे विसरता येत नाही. पण पुढे त्यांची शांती २५० परक्या दासांपर्यंत पोहोचली. कादंबरीतील शांती दोन बलवान पक्षांच्या लग्नमंडपात थांबते. शांतीची पारख मंडपात कोण बसले यावरून होत नाही; दाराबाहेर कोण राहिले यावरून होते. 'आयव्हॅन्हो' आवर्जून वाचावी. मात्र शेवटचे पान मिटण्यापूर्वी रिबेकाच्या पाठमोऱ्या आकृतीकडे क्षणभर पाहावे.