धोडपच्या पायथ्याशी काय लिहावे?

गडकोटांच्या पायथ्याशी उभे असलेले माहितीफलक हा मराठी गद्याचाच एक प्रकार आहे. इतिहासाचे पुस्तक ज्याने कधी उघडले नाही, तोही हा मजकूर उभ्याउभ्या वाचतो आणि तेवढाच इतिहास घरी घेऊन जातो. तरीही आपली समीक्षा या गद्याकडे फिरकत नाही. विजयाचा फलक लिहिणे सोपे असते, कारण तिथे शत्रू आधीच ठरलेला असतो. लिहिणाऱ्याचा कस लागतो तो जिथे आपली माणसे आपल्याच माणसांशी लढली त्या जागी. कळवण तालुक्याच्या दक्षिणेला, सातमाळा रांगेत अशी एक जागा आहे: धोडप. कळवणच्या बाजूने ओतूरहून आणि चांदवडच्या बाजूने हट्टीहून गडाच्या वाटा आहेत. माथ्यावरच्या कातळभिंतीत पडलेली खाच लांबूनही ओळखू येते.

१० जून १७६८ रोजी इथे माधवराव पेशवे आणि त्यांचे चुलते रघुनाथराव यांच्या फौजा लढल्या. रघुनाथरावांचा पराभव झाला आणि ते पुण्यात शनिवारवाड्यात कैदेत पडले. सहा वर्षांपूर्वी, नोव्हेंबर १७६२ मध्ये, आळेगावला पारडे उलटे होते. तिथे माधवरावांना चुलत्यांपुढे नमते घ्यावे लागले होते.

या प्रसंगाविषयी लिहिताना आपल्या लेखणीला दोन शब्द चटकन सुचतात, ‘गृहकलह’ आणि ‘भाऊबंदकी’. माझा आक्षेप याच शब्दांना आहे. भाऊबंदकी बांधावरून होते, विहिरीच्या पाण्यावरून होते. धोडपचा झगडा एका घराच्या ओसरीवर मावणारा नव्हता. रघुनाथरावांच्या मदतीला बडोद्याच्या दमाजी गायकवाडांनी आपला मुलगा गोविंदराव याला फौज देऊन पाठवले होते. होळकरांचे दिवाण गंगोबा तात्या चंद्रचूड रघुनाथरावांच्या पक्षाला होते. नागपूरच्या जानोजी भोसल्यांचा कलही त्यांच्याकडेच होता, म्हणून पुढच्याच वर्षी माधवरावांनी त्यांच्यावर स्वारी केली आणि १७६९ चा कनकापूरचा तह झाला. पेशव्याचा हुकूम सरदारांवर कुठवर चालायचा, हा प्रश्न धोडपला रणात उतरला होता. त्याला ‘काका-पुतण्याचे भांडण’ म्हटले की प्रश्न नाहीसा होतो आणि स्वभावचित्रे तेवढी उरतात: एक करारी पुतण्या, एक महत्त्वाकांक्षी काका.

या स्वभावचित्रांना कादंबरीनेही बळ दिले. रणजित देसाईंच्या ‘स्वामी’मुळे (१९६२) माधवराव मराठी घरांत आपल्या माणसासारखे झाले. कादंबरीने नायकाची बाजू घ्यावी, तो तिचा धर्मच आहे. फलकाचा धर्म वेगळा. ज्या जागेवर तो उभा राहतो, त्या जागेला तो बांधील असतो.

जागेच्या दृष्टीने १८८३ चा नाशिक जिल्ह्याचा गॅझेटियर उपयोगी पडतो. त्यात लढाईचा उल्लेख थोडक्यात आहे. पण होळकरांकडच्या अजबसिंग आणि सुजकुम या दोघांनी धोडप घेऊन पायथ्याचे गाव लुटले आणि जाळले, त्यानंतर त्या गावाची भरभराट परत आली नाही, अशीही नोंद आहे. इंग्रज अमलदारांच्या कोरड्या गद्याने पायथ्याच्या गावाची राख टिपून ठेवली. आपल्या अभिमानाच्या गद्यात मात्र ही राख सहसा दिसत नाही.

रणभूमीवरच्या स्मारकांची रीत अमेरिकेत फार वाढली. तिथल्या यादवीतली गेटिसबर्गची लढाई १८६३ च्या जुलैत झाली. त्या मैदानावर आज तेराशेहून अधिक स्मारके आणि खुणा आहेत. कोणती पलटण कुठे उभी होती, हे दगडावर लिहिलेले सापडते. साध्या शिपायाला मिळालेला हा मान आपण शिकण्यासारखा आहे. पण तिथेही एक पळवाट होती. दोन्हीकडच्या शौर्याचे गोडवे गाताना, ज्या गुलामगिरीवरून युद्ध पेटले तिचे नाव पुष्कळ काळ दगडांवरून गळालेलेच राहिले. त्यांनी शिपाई आठवले आणि कारण विसरले. आपण कारणाला घरगुती करून टाकले आणि शिपायांना विसरलो.

‘यादवी’ हा आपला शब्द मला या दोन्ही दोषांवर उतारा वाटतो. प्रभासक्षेत्री यादव आपापसांत लढून संपले, त्या कथेतून तो आला. त्या शब्दात विजेता नाही. धोडपलाही तो शोभतो, कारण तिथे जिंकलेले फार काळ टिकले नाही. १८ नोव्हेंबर १७७२ ला माधवराव थेऊरला वारले. ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून झाला आणि कैदेतले रघुनाथराव पेशवे झाले. १७७५ मध्ये त्यांनी सुरतेला इंग्रजांशी तह केला आणि त्यातून इंग्रज-मराठे युद्ध उभे राहिले. धोडपला हरलेला पक्ष सात वर्षांनी परक्यांना घरात घेऊन आला. हे न सांगता फक्त ‘माधवरावांचा विजय’ लिहिणे म्हणजे अर्धेच वाक्य लिहिणे होय.

नुसती टीका करून समीक्षकाने मोकळे होऊ नये, म्हणून माझा मसुदा पुढे ठेवतो:

‘१० जून १७६८ रोजी या परिसरात माधवराव पेशवे आणि रघुनाथराव यांच्या फौजा लढल्या. दोन्हीकडे मराठी राज्याचीच माणसे होती. राज्याचा कारभार कोणी करावा आणि सरदारांनी कोणाचा हुकूम मानावा, हा वाद होता. रघुनाथराव हरले व कैद झाले. वाद मिटला नाही. इथे लढलेल्या शिपायांची आणि युद्धाची झळ सोसलेल्या पायथ्याच्या गावांची ही आठवण.’

यात जयघोष नाही आणि कोणाची निंदाही नाही. ओतूरच्या शाळेतल्या मुलाने तो वाचून ‘मग बरोबर कोण होते?’ असे गुरुजींना विचारले, तर फलकाचे काम झाले असे मी समजेन.