दावणीचा बैल आणि डालग्याखालची कोंबडी

मराठी ग्रामीण साहित्यात जनावरांना तोटा नाही. दावणीला बैलजोडी आहे, गोठ्यात दुभती म्हैस आहे, बेंदराला रंगवलेली शिंगे आहेत; आणि बैल विकताना डोळे पुसणारा शेतकरी तर इतक्या कथांत भेटतो की तो ग्रामीण कथेचा ठरलेला नायकच होऊन बसला आहे. आपल्या समीक्षेने या साऱ्याला 'मातीचे नाते', 'मुक्या जिवांवरची माया' अशी नावे दिली आणि ती समाधान पावली. एक साधा प्रश्न मात्र तिने विचारला नाही. हे जनावर कोणाचे? दावण कोणाची, शेण कोण काढते, दूध कोण पिते, आणि जनावर मेल्यावर ते गावाबाहेर कोण ओढून नेते? गावगाड्यात जनावर ही मालमत्ता आहे आणि मालमत्तेची वाटणी जातीने ठरलेली आहे. हे विसरून केलेली मायेची चर्चा ही मालकाच्या मायेची चर्चा असते.

अस्पृश्याने कोणती गोष्ट केली म्हणजे गाव तिला गुन्हा मानते, याची एक यादी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या लेखनात दिली आहे. हे लेखन १९८९ साली त्यांच्या इंग्रजी लेखन-भाषणांच्या पाचव्या खंडात प्रसिद्ध झाले. त्या यादीत चांगले कपडे आणि दागिने आहेत, तशीच जमीन आणि गुरेढोरे मिळवणे हाही गुन्हा आहे. ज्याला गुरे बाळगण्याची मनाई, त्याच्याच गळ्यात मेलेली गुरे ओढण्याचे काम! गावगाड्याचा न्याय समजून घ्यायला याहून वेगळे उदाहरण लागत नाही.

मग गावकुसाबाहेर उरले काय? जिला गोठा लागत नाही, शेत लागत नाही आणि विकतचा चारा लागत नाही अशी जित्राबे उरली. कुणाकडे कोंबडी, कुणाकडे शेळी, कुणाकडे डुक्कर, कुणाकडे गाढव. खुडूक कोंबडी दहाबारा अंड्यांवर बसवायची, एकवीस दिवस राखायची, पिल्ले निघाली की घारीकडे, मुंगसाकडे डोळा ठेवायचा, सांज झाली की मोजून डालग्याखाली झाकायची. मानमोडीची साथ आली की सारे डालगे दोन दिवसांत रिकामे होते. शेळी पाच महिन्यांत विते. बाभळीच्या शेंगांवर, बांधाच्या पाल्यावर जगते. शेळी घ्यायला पैसा नसेल तर ती अर्धलीने सांभाळायची: शेळी मालकाची, राखण आपली, करडांत निम्मा वाटा. पाट ठेवायची, बोकड विकायचा. त्या बोकडाच्या पैशातून दवाखाना होतो, पोराची वह्या-पुस्तके होतात, सावकाराचे व्याज जाते. आणि हा सारा व्यवहार बहुतेक घरांत बाई सांभाळते. अंड्यांचे चार पैसे हेच पुष्कळदा तिच्या हातातले एकमेव स्वतःचे पैसे असतात.

या जिण्यात माया नाही काय? आहे, पण तिची जात निराळी आहे. जे जनावर विकण्यासाठीच वाढवले, त्याला नाव ठेवले जाते, पावसात घरात घेतले जाते, आजारी पडले तर उशाशी बांधले जाते आणि बाजाराच्या दिवशी ते कसायाच्या हाती दिले जाते. ज्याच्या घरात दुसरी काही पुंजी नाही, त्याची माया विक्रीपासून वेगळी काढता येत नाही. आपल्या समीक्षेजवळ या भावनेला शब्द नाही. तिला बैलासाठी रडणारा माहीत आहे. बोकड विकून घरी आल्यावर मुकाट चूल पेटवणारी बाई तिला माहीत नाही.

या कसोटीवर आनंद यादवांची 'गोतावळा' (१९७१) पुन्हा वाचली पाहिजे. नारबा हा मळ्यावरचा गडी. मळ्यातली जनावरे हाच त्याचा गोतावळा. मालक ट्रॅक्टर आणतो, जनावरे जातात आणि नारबा एकटा पडतो. हे सारे तो आपल्याच बोलीत सांगतो. यंत्र आणि निसर्ग यांचा संघर्ष म्हणून या कादंबरीचे भरपूर कौतुक झाले. पण तिच्यातले खरे दुखणे मालकीत आहे. नारबा ज्यांना आपले म्हणतो त्यांतले एकही जनावर त्याचे नाही. म्हणून ते विकताना त्याला विचारण्याचे कारण मालकाला पडत नाही. मालकाच्या हिशेबात बैल आणि गडी एकाच खात्यावर आहेत. ट्रॅक्टर हे खाते उघडे करतो, एवढेच. यादवांनी ही गोष्ट गड्याच्या तोंडून सांगितली, हे त्यांचे मोठेपण मान्य केलेच पाहिजे.

तरीही एक प्रश्न उरतो. बैल गेल्याचे दुःख सगळ्या गावाचे सारखेच होते काय? ज्या व्यवस्थेत बैल होता, त्याच व्यवस्थेत बलुते होते, वेठ होती आणि मेलेले ढोर ओढणारा महार होता. १९५८ च्या कायद्याने महार वतन गेले, तेव्हा कुणी गावगाड्याच्या नावाने गळा काढावा असे महारवाड्याला वाटण्याचे कारण नव्हते. ट्रॅक्टरने भूमिहीनाची मजुरीही खाल्ली, हे खरे. म्हणून त्याच्या आगमनाने टाळ्या पिटण्याचेही कारण नाही. पण बैलाविषयीचा हळहळता सूर हाच साऱ्या खेड्याचा सूर, असे समीक्षेने ठरवून टाकले, हे गैर आहे.

व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'त (१९५५) हा सूर कमी आहे. तिथे मेंढरू हे पोट आहे. दुष्काळात मेंढरे मरतात आणि वाडी उठते. जनावर आणि माणूस यांचे जगणे एकाच पावसावर टांगलेले आहे, हे माडगूळकर न बोलता दाखवतात. मात्र पाहणारा मास्तर आहे. तो बाहेरून येतो आणि निघून जातो.

आतून पाहणारी नजर दलित-भटक्यांच्या आत्मकथनांनी दिली. 'बलुतं' (१९७८), 'उपरा' (१९८०), 'जिणं आमुचं' (१९८६) या पुस्तकांत जनावर शोभेला येत नाही. 'उपरा'त गाढवाच्या पाठीवर सारे बिऱ्हाड आहे. पण आमच्या पांढरपेशा समीक्षकांनी हे वाचले ते 'दाहक अनुभव', 'किळसवाणे वास्तव' म्हणून. बैलाचे शेण त्यांना मातीचा गंध वाटते, आणि डुकराचा उल्लेख आला की नाकाला पदर लागतो. पशुपालन दोन्हीकडे आहे, कष्ट दोन्हीकडे आहेत. मग एकीकडे संस्कृती आणि दुसरीकडे घाण, ही वाटणी केली कुणी? ती वाङ्मयीन कसोटीच्या नावाखाली शिरलेली जातीची कसोटी आहे.

नागराज मंजुळे यांच्या 'फॅण्ड्री' या २०१३ सालच्या चित्रपटाने ही वाटणी पडद्यावर उघडी केली. कैकाडी कुटुंबाने गावातले डुक्कर पकडायचे आणि गावाने ते तमाशासारखे बघायचे. पकडापकडी ऐन रंगात आली असताना शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येते. सारे कुटुंब जागच्या जागी उभे राहते आणि डुक्कर निसटते. जब्याची लाज डुकराची नाही. ते काम आपल्यालाच का, या प्रश्नाची आहे.

जनावरामागे जमिनीचा प्रश्न आहे, हे जोतीराव फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' (१८८३) मध्येच ओळखले होते. गायरानाच्या भरवशावर एकदोन गाई आणि दोनचार शेळ्या पाळून जगणाऱ्या गरिबाचा आधार जंगल खात्याने कसा हिरावला, हे त्यांनी स्पष्ट सांगितले. त्यांना शेळी दिसली, कारण त्यांना शेळीवाला दिसत होता. पुढे दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४ साली भूमिहीनांचे सत्याग्रह झाले. पडीक जमीन भूमिहीनाला द्या, ही त्यांतली मागणी होती. ही मागणी पुढे आली की 'मग गावची गुरे चरणार कुठे' हा सवाल गावातून येतो. गुरे म्हणजे कोणाची, हे तिथेही कुणी सांगत नाही.

आजचा कायदाही या प्रश्नातून सुटलेला नाही. महाराष्ट्रात १९७६ च्या कायद्याने गाईच्या कत्तलीवर बंदी होतीच; २०१५ साली तीत बैल आणि वळूही आले. म्हातारा बैल विकून दुसरा घेण्याची लहान शेतकऱ्याची वाट बंद झाली, आणि कातडे कमावणारे, खाटीक, चांभार यांच्या धंद्यावर घाला पडला. पूज्य जनावर कोणते आणि खाण्याचे कोणते, हे ठरवणारा हात बदललेला नाही.

एक गोष्ट आपल्या माणसांनाही सांगावी लागेल. १९२७ च्या महाड परिषदेत बाबासाहेबांनी मृत मांस सोडण्यास सांगितले. ते माणूसपणाचे पाऊल होते. लादलेले काम आणि त्यासोबतचा अपमान झुगारण्याचा तो आदेश होता. पण त्याचा अर्थ आईने पाळलेल्या शेळीचीही लाज बाळगावी असा कुणी घेऊ नये. शिकून शहरात गेलेला आपला लेखक पुष्कळदा डालगे आणि खुराडे यांच्याकडे मागासपणाची खूण म्हणून पाहतो. त्याची फी ज्या बोकडाने भरली, त्याची नोंद त्याच्या पुस्तकात एका ओळीत उरकते. ज्या बाईने तो बोकड वाढवला, तिचे श्रम त्या ओळीत येतच नाहीत. ते कौशल्य आहे, अर्थकारण आहे आणि ते साहित्यात यायला हवे.

शिक्षकांनी आणि विद्यार्थ्यांनी यापुढे ग्रामीण म्हणून लावलेले कोणतेही पुस्तक वाचताना जनावर आले की थांबावे. ते कोणाचे, राखते कोण, विकते कोण, खाते कोण, ओढते कोण, हे पाच प्रश्न विचारावेत. 'गोतावळा'लाही विचारावेत आणि आपल्या आत्मकथनांनाही विचारावेत. मग बैलाचे डोळे किती काळेभोर होते यापेक्षा निराळी काही उत्तरे हाती येतील, आणि ती लिहिण्याचे काम आपल्यालाच करावे लागेल.